डब्यावरची गाय

‘गाय कुठं बांधलीय?’ सासूबाईंनी बोटीवरच्या कारकुनाला विचारलं.

सकाळची वेळ होती. मुंबई आदल्या दिवशीच मागं पडली होती आणि डाव्या हाताला कोकणचे डोंगर निळ्या रेघेसारखे दिसत होते. सासूबाई सोवळ्याची धाबळी नेसून, पूजा आटोपून उभ्या होत्या. त्यांच्या मागं मी. माझ्या हातात केळीचं पान, पानावर दशमीचा तुकडा, वर तुपाची धार आणि गुळाचा खडा.

कारकून मालवणचा. सामंत नाव त्याचं. त्यानं आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पानाकडे.

‘आजये,’ तो म्हणाला, ‘बोटीर गाय खंयसून येतली?’

‘कुठून यायची तिथून आली असेल. तू फक्त कुठं बांधलीय ते दाखव. रोज ताजं दूध मिळतं ना इथं? मग ते काय समुद्राचं काढता?’

सामंत हसला नाही, हे त्याचं चांगुलपण. त्यानं शांतपणे सांगितलं की दूध डब्यातून येतं, डबे विलायतेतून येतात, आणि या बोटीवर चार पायांचं म्हणाल तर कप्तानाचं एक मांजर आहे.

माझ्या हातातलं पान एकदम जड झालं.

इथं माझ्या नेमाचं सांगायला हवं. लग्नानंतर दोनच वर्षांनी हे विषमज्वरानं अंथरुणाला खिळले. वैद्यांनी मान हलवली तेव्हा मी देवापाशी बसून संकल्प सोडला की हे उठून बसले तर पाच वर्षं रोज, दिवस मावळायच्या आत, माझ्या हातचा घास गाईच्या मुखी घालीन. एक दिवसही खंड पडू देणार नाही. आणि पाच वर्षं पुरी झाली की गोकर्णाला जाऊन शिवरात्रीला उद्यापन करीन. हे उठून बसले. मीही शब्द पाळला. पावसात, तापात, सोयरसुतकात शेजारणीकडून गाय दारात आणवून, पण पाळला. आता शिवरात्र चार दिवसांवर आली होती आणि मी समुद्राच्या मधोमध गाय नसलेल्या बोटीवर उभी होते. आज खंड पडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग बोटीनं निघालेच कशाला, असं कुणीही विचारील. त्याला कारण ती जाहिरात.

राणीच्या राज्यातली शेवटशेवटची वर्षं होती ती. वर्तमानपत्रांचा अर्धा कागद जाहिरातींनी भरायला लागला होता. अशक्त मुलांना गुटगुटीत करणारा कोको, टकलावर केस उगवणारं तेल, विलायती बिस्किटं, आगगाडीनं माथेरानची सहल. यांतल्या बऱ्याचशा मराठी जाहिराती आमच्याच घरातून जात. हे फोर्टात फिंच साहेबांकडे कामाला होते. साहेब इंग्रजी मजकूर देत, हे त्याचं मराठी करत. पण यांना एक खोड होती. इंग्रजी वाक्य यांना नेहमी उपाशी वाटायचं, त्याला चार घास चारल्याशिवाय यांना चैन पडत नसे. साहेबांनी कोकोला ‘शक्तिवर्धक’ म्हटलं की हे ‘भीमाचें बळ’ लिहीत. त्यावरून कोल्हापूरचा एक पैलवान रिकामा डबा घेऊन कचेरीत भांडायला आला होता. सबंध डबा खाऊनही तो कुस्तीत चीत झाला होता.

सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलगा साहेबाच्या कचेरीत भाषांतर करतो एवढंच त्या सगळ्यांना सांगत, आणि ते कायद्याच्या पुस्तकांचं असावं असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. हे साबणाच्याही जाहिराती लिहीत, पण साबणात चरबी घालतात हे सासूबाईंना कळल्यापासून तर कचेरीच्या कामाबद्दल हे घरात ब्र काढत नसत.

एके दुपारी मी सासूबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. त्यात आलं: ‘श्रीगोकर्णमहाबळेश्वराचे यात्रेकरूंस सुसंधि. शिवरात्रीकरितां खास आगबोट. मधील बंदरांची दगदग नाहीं. बोटीवर रोज ताजें गाईचें दूध. स्वगृह सोडिल्याची आठवणदेखील होणार नाहीं.’

सासूबाईंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. त्यांना बोटीचं वावडं होतं; तिथं सोवळं कसलं आणि ओवळं कसलं, असं त्या म्हणायच्या. दशम्या बांधून नेता येतील, गंगाजळाची लोटी नेता येईल, पण घासाचं काय, हाच आमचा खरा अडसर होता. आता तोही गेला. ताजं दूध म्हणजे गाय आली, आणि गाय आली म्हणजे घास आला.

मी यांना बाजूला गाठून विचारलं, की बोटीवर गाय असते ना. यांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘कंपनी मोठी आहे.’

जाहिरात यांनीच लिहिलीय हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी निश्चिंत होते. यांनी लिहिलंय म्हणजे असणारच, असं मला वाटलं होतं. पुढं कळलं की इंग्रजीत नुसतं ‘दूध’ होतं. यांना ते ओकंबोकं वाटलं, म्हणून आधी ‘ताजें’ लागलं, मग ‘गाईचें’, आणि मग ‘रोज’. विलायतेच्या मोठ्या बोटींवर खरोखरची गाय ठेवतात असं यांनी कुठंतरी वाचलं होतं, तेवढाच आधार. फिंच साहेब जाहिरातीवर खूश झाले आणि तीन तिकिटं यांच्या हातावर ठेवली. त्या तिकिटांवर आम्ही तिघं निघालो.

तर सामंतानं गाय नाही म्हटल्यावर सासूबाई कठड्यापाशी गेल्या. उगवत्या सूर्याकडे तोंड केलं, तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि सगळ्या यात्रेकरूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘लबाड लिहून माझ्या सुनेचा नेम मोडणाऱ्या त्या मेल्याचा हात झडो.’

आणि पाणी समुद्रात सोडलं.

हे चार हात अंतरावर उभे होते. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो हळूच उपरण्याखाली घेतला.

सासूबाईंच्या शाप देण्याबद्दल आमच्याकडे आदर होता. गुहागरला असताना त्यांनी एका भाऊबंदाला असंच काही म्हटलं होतं आणि त्याच आठवड्यात त्याच्या अंगावर माडावरून नारळ पडला होता. शिवाय आता त्या सोवळ्यात होत्या, पूजा झालेली होती, आणि साक्षीला सूर्य होता. दुपारपर्यंत यांनी तो हात बाहेर काढला नाही. पाणी डाव्या हातानं प्यायले. दशमीला तर हातच लावला नाही.

मीही काही खाल्लं नव्हतं, पण मला त्याची सवय होती. मला भूक नव्हतीच. मी सूर्य कुठवर आलाय ते बघत होते.

एव्हाना सगळ्या बोटीला आमची अडचण कळली होती. बायका येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत आणि लिहिणाऱ्याच्या नावानं बोटं मोडत. एकीनं तर त्याला मूल होणार नाही असं सांगून टाकलं. तेव्हा मला हळूच सांगावंसं वाटलं की एवढं नको. गिरगावातले आपाशास्त्री पोंक्षे यात्रेला आले होते, त्यांना विचारायचं ठरलं. त्यांनी डोळे मिटून पुष्कळ विचार केला आणि संकल्पात नेमका शब्द कोणता उच्चारला होता ते मला विचारलं.

‘गाईच्या मुखी,’ मी म्हणाले.

‘मुखी,’ शास्त्रीबुवा म्हणाले. ‘सप्तमी विभक्ती आहे. नुसतं गाईच्या नावानं म्हटलं असतंत तर पाण्यात सोडूनही भागलं असतं. सप्तमीला काही करता येत नाही.’

हे कठड्याला टेकून ऐकत होते. त्या काळी वडीलधाऱ्यांच्या देखत नवराबायको एकमेकांशी बोलत नसत, म्हणून हे समुद्राकडे बघून म्हणाले, की काहींनी मनाला इतकं लावून घेऊ नये, देवाला सगळं कळतं. मी समुद्राला उत्तर दिलं, की देवाला कळतं म्हणूनच तर पंचाईत आहे.

एवढ्यात सासूबाईंचं यांच्या न खाल्लेल्या दशमीकडे लक्ष गेलं.

‘विसू, हात का लपवतोस? बघू. लागलं का कुठं?’

‘नाही.’

‘मग काढ बाहेर.’

यांनी हात काढला नाही. यांचा चेहरा मी ज्वरातही इतका पडलेला पाहिला नव्हता. ‘आई,’ हे म्हणाले, ‘ते मी लिहिलं.’

‘काय लिहिलंस?’

‘गाईचं.’

मग यांनी सगळं सांगितलं. फिंच साहेब, कोको, तेल, साबण, माथेरान. सांगताना मान वर केली नाही. सासूबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. साबणापाशी फक्त डोळे मिटले.

मला वाटलं, आता दुसरं पाणी समुद्रात पडतंय. पण त्या तांब्या बाजूला सारून खाली बसल्या. मग एकेक शब्द मोजल्यासारखा हळू बोलल्या.

‘मी सकाळी काय म्हटलं, सूनबाई? नीट आठवून सांग.’

‘लबाड लिहिणाऱ्याचा,’ मी म्हणाले. पुढचं माझ्या तोंडून निघेना.

‘लबाड लिहिणाऱ्याचा. बरोबर.’ त्या उठल्या, पदर खोचला. ‘म्हणजे लबाड लिहिलं नसेल तर काही नाही. ए सामंता, तुझा तो दुधाचा डबा आण बघू.’

सामंतानं भटारखान्यातून डबा आणला. चांगला हातभर उंच होता. त्यावर कागद डकवलेला आणि कागदावर गाय. तांबडी-पांढरी, धष्टपुष्ट, गळ्यात घंटा, हिरव्यागार कुरणात उभी. तोंड पुढं केलेलं, अगदी घास मागितल्यासारखं.

‘ही घ्या गाय,’ सासूबाई शास्त्रीबुवांना म्हणाल्या. ‘बोटीवर गाय आहे. लिहिलंय ते खरं आहे.’

शास्त्रीबुवांनी चष्मा पुसून पाहिलं. ‘वशिंड नाही,’ ते म्हणाले.

‘थंडीच्या मुलखातली आहे. तिकडे गाईंना येत नसेल.’

‘पण हे चित्र आहे, बाई.’

‘नागपंचमीला तुमच्याकडे भिंतीवर नाग काढतात की खरा आणून ठेवतात?’

‘काढतात.’

‘त्याला दूध-लाह्या दाखवता ना? मग आमच्या गाईनं काय घोडं मारलंय?’

मी सासूबाईंकडे बघतच राहिले. ज्या बाईनं आयुष्यात परक्याच्या हातचं पाणी घेतलं नाही, ती विलायतेच्या डब्याचा कैवार घेऊन काशीला शिकून आलेल्या शास्त्र्याशी भांडत होती. आणि मधूनमधून तिची नजर यांच्या उपरण्याकडे जात होती.

शास्त्रीबुवा अडले ते पुन्हा सप्तमीवर. नागानं लाह्या खायला पाहिजेत असा कुणाचा संकल्प नसतो, ते म्हणाले. इथं घास मुखी गेला पाहिजे. मग आपण घास चित्राच्या तोंडाला लावू, सासूबाई म्हणाल्या. शास्त्रीबुवांनी मान हलवली. आपण लावणं वेगळं आणि गाईनं आपण होऊन तोंड लावणं वेगळं. जबरदस्तीनं माखलेलं तोंड म्हणजे खाणं नव्हे.

‘ठीक आहे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘घास पुढं ठेवू. तिची इच्छा असेल तर घेईल.’

सामंत पाट आणायला गेला.

तयारी झाली. पाट मांडला. डबा गंगाजळानं शुद्ध करायचा होता, पण कागद नुसता खळीनं डकवलेला. शास्त्रीबुवा दोनदा म्हणाले, ‘बेतानं, बेतानं, गाय निघेल.’ तरी मागचा एक पाय उचकटलाच. तो सासूबाईंनी हलक्या हातानं दाबून बसवला. डब्याला हळदकुंकू वाहिलं, पाटावर उभा केला, आणि मी पुढं पान ठेवलं. भोवती बायका बसल्या. अगदी पाटाला लागून सासूबाई, धाबळीचा घोळ पसरून. पुरुष मागं उभे. गलका ऐकून कप्तानही आला. सामंतानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यावर त्यानं टोपी काढून हातात धरली.

सूर्य पाण्याला टेकायला आला होता. समुद्र शेणानं सारवलेल्या अंगणासारखा सपाट. वाऱ्याची झुळूक नव्हती. बोट इतकी स्थिर चालली होती की तांब्यातलं पाणी हलत नव्हतं. शास्त्रीबुवा मंत्र म्हणू लागले. मी हात जोडून डोळे मिटले. देवाला काय सांगावं ते समजेना. नेम माझा होता, पण तो ज्यांच्यासाठी धरला ते माझ्या मागं हात लपवून उभे होते. गाईनं घास घेतला नाही तर माझी पाच वर्षं जाणार होती. आणि यांचं काय जाणार होतं ते मी मनातसुद्धा उच्चारत नव्हते. शेवटी मी एवढंच म्हटलं, की माझं राहिलं तरी चालेल.

ठण्ण असा आवाज झाला.

डोळे उघडले तर डबा पाटावरून पुढं कलंडून पानावर पालथा पडलेला. शास्त्रीबुवांनी वाकून डबा उचलला, उजेडाकडे धरला. गाईच्या तोंडाला तूप लागलं होतं आणि नाकाशी दशमीचा कण चिकटला होता.

‘मुखी,’ शास्त्रीबुवा म्हणाले. ‘आपण होऊन.’

बायकांनी हात जोडले. एकीच्या डोळ्यांना धार लागली. दुपारी मूल होणार नाही म्हणाली होती तीच ती. कप्तानानं सामंताला काय झालं ते विचारलं आणि ऐकल्यावर टोपी छातीशी धरली.

सासूबाई वळल्यादेखील नाहीत. ‘विसू,’ त्या म्हणाल्या, ‘हात बाहेर काढ आणि दशमी खा.’

यांनी हात काढला. बोटं मिटून उघडून पाहिली. खायला लागले ते थांबेनात. मीही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी उतरेपर्यंत कप्तानाला बिनदुधाचा चहा प्यावा लागला. बायकांनी भटारखान्यातले सगळे डबे पुजून ठेवले होते आणि हळदकुंकू वाहिलेला डबा फोडायला बबर्ची तयार होईना. माझा त्या दिवसाचा घास मात्र खऱ्या गाईनं घेतला. गोकर्णाजवळ तदडीला उतरलो तर बंदरावरच एक उभी होती, वशिंडवाली. परत आल्यावर फिंच साहेबांच्या कानावर ही हकीगत गेली आणि त्यांनी तीच जाहिरात म्हणून छापायचं ठरवलं. यांनी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना नाही म्हटलं. त्यानंतर यांची वाक्यं फार रोडावली. पुढच्या वर्षीच्या बोटीला यांनी ‘दूध डब्यांतील’ एवढंच लिहिलं.

पण ते पुढचं. गोकर्णाला पोचल्यावर शिवरात्रीच्या पहाटे आम्ही दोघी कोटितीर्थावर स्नानाला गेलो. तळ्यावर धुकं होतं आणि गर्दी अजून जमली नव्हती. मी वळणाच्या पलीकडच्या पायऱ्यांवर उतरले. सासूबाई अलीकडे राहिल्या. त्यांनी आमच्या उपाध्यायांना थांबवून घेतलं होतं. मला वाटलं, उद्यापनाच्या तयारीचं काही असेल.

‘भटजी,’ त्यांचा आवाज पाण्यावरून सरळ माझ्यापर्यंत आला, ‘गाईला पाय लागला तर प्रायश्चित्त काय?’

उपाध्याय मोडक्या मराठीत म्हणाले, ‘पाय लागला की लावला?’

‘लावला.’

‘जोरानं?’

‘अंगठ्यानं. पडेल इतपत.’

‘गाय पडली?’

‘पडली.’

उपाध्याय थोडे घाबरले असावेत. ‘कुणाची गाय, आई?’

‘माझ्या मुलाची,’ सासूबाई म्हणाल्या.

घरच्या गाईला तीन बुड्या पुरतात, असं ते म्हणाले. त्यांनी मंत्र म्हटले, सासूबाईंनी तीन बुड्या घेतल्या. थंडीनं त्यांचे दात वाजत होते ते मला ऐकू येत होतं. मग पुन्हा पाण्याचा आवाज झाला.

‘तीनच, आई. चौथी कशाला?’

‘सुनेच्या नेमाची. तिला वाटतंय गाईनं खाल्लं.’

मी पायरीच्या आड गळ्याइतक्या पाण्यात होते. हलले असते तर पाणी वाजलं असतं. सासूबाई धुक्यात वर चढून दिसेनाशा होईपर्यंत मी तशीच बसून राहिले.